अल्फा-अवरोधक औषधे आणि रुग्णपरिचर्या : वैद्यांनी व औषधविक्रेत्यांनी घ्यावयाची दक्षता

आपल्या चिकित्सालयात येणारा रुग्ण आज क्वचितच कोरी पाटी घेऊन येतो. मधुमेह, रक्तदाब, हृद्रोग यांपैकी एखाद्या विकारावर त्याची आधुनिक औषधे चालू असतात आणि त्यांच्या जोडीने आपण आपली चिकित्सा करीत असतो. त्यामुळे ही औषधे शरीरात काय करतात याचे ज्ञान वैद्याला असणे हा आज कर्तव्याचाच भाग झाला आहे. प्रस्तुत लेखात आम्ही अल्फा-अवरोधक या औषधवर्गाचा आणि ती घेणाऱ्या रुग्णाच्या परिचर्येचा विचार करणार आहोत. हाच वर्ग निवडण्यास एक प्रसंग कारण झाला. तो आमच्या उणिवेचा आहे, म्हणूनच प्रथम सांगतो.

दोन्ही गुडघ्यांच्या संधिवातासाठी एक ७१ वर्षांचे सेवानिवृत्त शिक्षक आमच्याकडे आले होते. स्नेहन-स्वेदन योजण्यापूर्वी आम्ही नेहमीप्रमाणे विचारले, "रक्तदाबाची गोळी चालू आहे का?" त्यांनी "नाही" असे उत्तर दिले. बसलेल्या स्थितीत रक्तदाब प्राकृत होता. अभ्यंगानंतर पेटीतील बाष्पस्वेद झाला. पेटीतून उठून ते स्नानगृहाकडे निघाले आणि चार पावलांवर डोळ्यांपुढे अंधारी येऊन कोसळले. भुवईवर जखम झाली. आडवे निजवून पाय उंच केल्यावर ते काही मिनिटांत सावध झाले. नंतर मुलाकडून कळले की आठ दिवसांपूर्वी त्यांना "लघवीची गोळी" सुरू झाली होती. ती अल्फा-अवरोधक होती. शिक्षकांनी असत्य सांगितले नव्हते. आमचा प्रश्नच अपुरा होता. हाड मोडले नाही हा केवळ दैवयोग.

या लेखातील मुख्य मुद्दा त्या प्रसंगात आला आहे. रुग्ण ज्याला लघवीची गोळी म्हणतो, ती रक्तवाहिन्यांवरही कार्य करणारी गोळी आहे. रुग्णाला होणारा उपाय आणि अपाय या दोहोंचे मूळ एकाच कार्यात आहे.

कार्याचे स्वरूप

शरीरात अ‍ॅड्रेनॅलिन व नॉरअ‍ॅड्रेनॅलिन ही द्रव्ये पेशींवरील ठरावीक ग्राहीस्थानांना, म्हणजे रिसेप्टरना, चिकटून आपले कार्य घडवितात. या ग्राहीस्थानांचे अल्फा आणि बीटा असे दोन वर्ग अमेरिकन औषधशास्त्रज्ञ रेमंड आल्क्विस्ट यांनी १९४८ साली मांडले. पुढे अल्फा वर्गाचेही अल्फा-१ व अल्फा-२ असे भेद झाले. अल्फा-१ ग्राहीस्थाने रक्तवाहिन्यांच्या भित्ती, मूत्राशयाचे मुख आणि पौरुषग्रंथी म्हणजे प्रोस्टेट येथील अनैच्छिक स्नायूंत विपुल असतात. ती उत्तेजित झाली की हे स्नायू आकुंचन पावतात. अल्फा-अवरोधक औषध ही जागा अडवून धरते. परिणामी रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्तदाब उतरतो. मूत्राशयाचे मुख व पौरुषग्रंथीतील स्नायू सैल झाल्याने मूत्राचा मार्ग मोकळा होतो.

आपण उभे राहतो तेव्हा बरेचसे रक्त पाय व उदर यांतील शिरांकडे उतरते. निरोगी शरीर त्या क्षणी अल्फा ग्राहीस्थानांच्या द्वाराच रक्तवाहिन्या आवळून मेंदूचा रक्तपुरवठा टिकवून धरते. अल्फा-अवरोधक घेतलेल्या रुग्णात ही आवळण्याची क्रिया दुबळी होते. म्हणून निजलेल्या किंवा बसलेल्या स्थितीत रक्तदाब ठीक दिसतो आणि उभे राहताच तो घसरतो. बसवून एकदा मोजलेला रक्तदाब या रुग्णांत आपल्याला खोटा दिलासा देतो.

प्रमुख औषधे

फिनॉक्सिबेन्झामिन हे या वर्गातील जुने औषध अल्फा-१ व अल्फा-२ अशा दोन्ही स्थानांना अडविते. अधिवृक्क ग्रंथीच्या फिओक्रोमोसायटोमा या अर्बुदात शस्त्रकर्मापूर्वी त्याचा उपयोग होतो. जेरुसलेमचे मार्को केन व त्यांचे सहकारी यांनी १९७०च्या दशकात पौरुषग्रंथीच्या अवरोधावर त्याचा उपयोग दाखविला आणि तेथून या वर्गाला मूत्रविकारात स्थान मिळाले.

त्यानंतर केवळ अल्फा-१ स्थाने अडविणारी प्राझोसिन, टेराझोसिन व डॉक्साझोसिन ही औषधे आली. ती आरंभी रक्तदाबासाठी होती. परंतु अमेरिकेतील ऑलहॅट या मोठ्या अभ्यासात डॉक्साझोसिन घेणाऱ्या रुग्णांत हृदयाची कार्यक्षमता खालावण्याचे प्रमाण क्लोरथॅलिडोन घेणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट आढळले आणि २००० साली अभ्यासातील तो गट थांबविण्यात आला. तेव्हापासून केवळ रक्तदाबासाठी या औषधांना पहिली पसंती दिली जात नाही.

टॅमसुलोसिन, अल्फुझोसिन व सिलोडोसिन ही आज पौरुषग्रंथीच्या वृद्धीत सर्वाधिक योजली जाणारी औषधे होत. यांपैकी टॅमसुलोसिन व सिलोडोसिन यांचा ओढा पौरुषग्रंथीतील अल्फा-१ए या उपप्रकाराकडे अधिक असल्याने रक्तदाबावरील परिणाम तुलनेने कमी असतो. तो कमी असतो, शून्य नसतो. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात टॅमसुलोसिन सुरू केल्यानंतरच्या पहिल्या आठ आठवड्यांत, तसेच खंडानंतर ते पुन्हा सुरू केल्यावर, तीव्र रक्तदाबन्यूनतेचा धोका वाढलेला आढळला. आमचे शिक्षक रुग्ण नेमके याच कालावधीत होते.

ही औषधे मूत्रमार्ग सैल करतात, ग्रंथीचा आकार घटवीत नाहीत. त्यासाठी फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड यांची जोड दिली जाते. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मूत्राघाताच्या बारा प्रकारांत वर्णिलेल्या वाताष्ठीलेशी या विकाराचे साम्य आपण पाहतो आणि गोक्षुरादी गुग्गुळ, चंद्रप्रभा वटी, वरुण, पुनर्नवा यांची योजना करतो. आपल्या औषधाने रुग्णाला बरे वाटू लागले म्हणून आपणहून आधुनिक गोळी बंद करविणे मात्र धोक्याचे आहे. मूत्र एकाएकी पूर्ण तुंबण्याची शक्यता असते. गोळीचा निर्णय ज्याने ती दिली त्या चिकित्सकाशी बोलूनच व्हावा.

महाडचा अनुभव

औषध एक आणि परिचर्या निर्णायक, याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्याच कोकणातले आहे. लाल विंचवाच्या विषाने शरीरात अ‍ॅड्रेनॅलिनवर्गीय द्रव्यांचा जणू पूर येतो. वांती, भरमसाट घाम, थंड पडलेले हातपाय, लाळ गळणे, मुलग्यांत शिश्नाचे ताठरपण आणि पुढे फुप्फुसांत पाणी भरून मृत्यू, असा त्याचा क्रम असे. सुश्रुताने कल्पस्थानात विंचवांचे मंद, मध्य व महाविष असे भेद केले आहेत. यांतील तीव्र विषाचे चित्र कोकणातील वैद्यांना नवे नाही. रायगड जिल्ह्यातील महाड येथे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी अशा रुग्णांत प्राझोसिन योजले आणि १९८६ साली त्यासंबंधीचा अनुभव लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध केला. तीव्र लक्षणे झालेल्या रुग्णांत पूर्वी सुमारे ३० टक्क्यांपर्यंत असलेले मृत्यूचे प्रमाण या उपचाराने फार खाली आले. पुढे २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या त्यांच्या ७० रुग्णांच्या अभ्यासात, प्राझोसिनला विंचूविषाच्या प्रतिविषाची जोड दिली असता दहा तासांत पूर्ण बरे होणारे ३५ पैकी ३२ होते, तर केवळ प्राझोसिन घेणाऱ्यांत ३५ पैकी ८. डॉ. बावस्कर यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली.

या उपचारातील परिचर्येचे तपशील मननीय आहेत. मुलांत प्राझोसिनची मात्रा वजनाच्या प्रति किलो ३० मायक्रोग्रॅम असते आणि हातपाय उबदार होईपर्यंत ती ठरावीक अंतराने पुन्हा द्यावी लागते. गोळी साधी लागते. दीर्घकाळ हळूहळू विरघळणारी गोळी येथे कामाची नाही. केवळ दंशस्थानी वेदना असेल आणि वरील लक्षणे नसतील, तर प्राझोसिनची आवश्यकता नसते. मात्रा दिल्यानंतर मुलाला आडवेच ठेवावे लागते. व्याकूळ झालेली आई मुलाला उचलून खांद्यावर घेते, आणि नेमके त्या उचलण्याने रक्तदाब एकदम कोसळू शकतो. वांती व घाम यांमुळे शरीरातील जलांश घटलेला असतो, म्हणून मूल गिळू शकत असेल तर तोंडाने पाणी देत राहावे लागते. नाडी, श्वसन व रक्तदाब आरंभी दर अर्ध्या तासाने पाहावे लागतात. अशा रुग्णाला विनाविलंब प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा रुग्णालयात पोचविणे हे आपले पहिले काम. वाटेत त्याला निजवून न्यावे आणि आईला न उचलण्याचे कारण समजावून सांगावे.

वृद्धाची परिचर्या

विंचूदंशाच्या मुलात जे काही तासांत घडते, तेच लघवीची गोळी घेणाऱ्या वृद्धात संथपणे आणि घरच्या घरी घडते. म्हणून परिचर्येची सूत्रेही तीच आहेत : स्थिती आणि जलांश.

पहिली मात्रा. प्राझोसिनच्या पहिल्या मात्रेनंतर साधारणतः ३० ते ९० मिनिटांत भोवळ वा मूर्च्छा येऊ शकते. म्हणून प्राझोसिन, टेराझोसिन वा डॉक्साझोसिन यांचा आरंभ अल्प मात्रेने, बहुधा १ मिलिग्रॅमने व रात्री निजताना केला जातो. गोळी घेतली की रुग्णाने अंथरुणावरच राहावे. मात्रा वाढविली किंवा रक्तदाबाचे दुसरे औषध जोडले, तर तीच दक्षता पुन्हा घ्यावी.

खंड पडल्यास. गोळी काही दिवस चुकली तर रुग्ण स्वतःच्या मनाने पूर्वीची मोठी मात्रा सुरू करतो. खंडानंतरची पहिली गोळी ही पुन्हा पहिलीच मात्रा असते. चिकित्सकाला विचारून अल्प मात्रेपासून आरंभ करणे इष्ट.

रक्तदाबाचे मापन. रुग्णाला पाच मिनिटे निजवून रक्तदाब घ्यावा, मग उभे करून एका व तीन मिनिटांनी पुन्हा घ्यावा. वरचा अंक २० किंवा खालचा १० ने उतरला तर ती स्थितिजन्य रक्तदाबन्यूनता समजावी. उभे करताना परिचारकाने शेजारी थांबावे.

रात्रीचे उठणे. पौरुषग्रंथीच्या रुग्णाला रात्री दोन-तीनदा उठावे लागते आणि बहुतेक घटना तेव्हाच घडतात. कुशीवर वळून उठावे, काठावर पाय सोडून एक-दोन मिनिटे बसावे, पायाची बोटे हालवावी आणि मग आधार धरून उभे राहावे. मंद दिवा चालू ठेवावा. उशाशी मूत्रपात्र ठेवल्यास उत्तम. मूत्रविसर्जन बसून करावे. उंबरठा, सरकणारी सतरंजी, पायांत येणारे धोतर यांकडे घरच्यांचे लक्ष वेधावे.

आहार व उपवास. टॅमसुलोसिन रोज एकाच ठरावीक जेवणानंतर सुमारे अर्ध्या तासाने घ्यावयाचे असते. रिकाम्या पोटी घेतल्यास त्याची रक्तातील कमाल पातळी ४० ते ७० टक्क्यांनी अधिक चढते. अल्फुझोसिनचे उलट आहे. उपाशीपोटी त्याचे शोषण सुमारे निम्मे होते. एकादशी, चातुर्मास, लंघन यांच्या काळात वृद्ध रुग्ण गोळी केव्हा घेतो हे आवर्जून विचारावे. अतिसार, ज्वर वा कडक उन्हाळा असताना पाणी कमी पडू देऊ नये.

मूर्च्छा आल्यास. रुग्णाला तेथेच आडवे निजवावे आणि पाय उंच करावेत. उठवून खुर्चीत बसविण्याचा आग्रह धरू नये. पूर्ण शुद्ध येईपर्यंत तोंडात पाणी घालू नये. डोके व कटिप्रदेश यांना मार लागला आहे का ते पाहावे. छातीत वेदना असेल, शुद्ध लवकर येत नसेल किंवा रक्तदाब सावरत नसेल, तर तत्काळ रुग्णालयात न्यावे.

याखेरीज नाक चोंदणे, थकवा व डोकेदुखी ही लक्षणे आढळतात. सिलोडोसिन व टॅमसुलोसिन यांमुळे संभोगकाळी वीर्य बाहेर न येता मूत्राशयाकडे जाऊ शकते. शुक्रक्षयाच्या शंकेने आलेल्या रुग्णाला वाजीकरण योजण्यापूर्वी या गोळीची विचारणा करावी. स्त्रियांत प्राझोसिनमुळे खोकताना, शिंकताना मूत्र गळू शकते. क्वचित शिश्नाचे वेदनायुक्त ताठरपण चार तासांहून अधिक टिकते. ही तातडीची अवस्था होय.

पंचकर्मातील दक्षता

हा विषय सर्वस्वी आपल्या कक्षेतील आहे. स्वेदनाने त्वचेतील रक्तवाहिन्या विस्फारतात व घामावाटे जलांश जातो. विरेचनात जलांश अधिक वेगाने घटतो. अल्फा-अवरोधक घेतलेल्या शरीराला ही हानी सावरून धरणे अवघड जाते. म्हणून आम्ही आता पुढील नियम पाळतो.

गोळी नव्याने सुरू झाली असेल किंवा मात्रा नुकतीच वाढली असेल, तर सर्वांगस्वेद व शोधन काही आठवडे पुढे ढकलतो आणि गुडघ्यांसारख्या विकारात एकांगस्वेदावर भागवितो. स्वेदनापूर्वी व नंतर निजून आणि उभ्याने रक्तदाब मोजतो. स्वेदनानंतर रुग्णाला किमान पंधरा-वीस मिनिटे निजवून ठेवतो आणि कोमट पाणी देतो. स्नानगृहापर्यंत परिचारक सोबत जातो. निरूहबस्तीनंतर वेग आला की रुग्ण डाव्या कुशीवरून घाईने उठून धावतो. अशा रुग्णांसाठी मलपात्राची सोय पलंगालगतच करतो. विरेचन योजावयाचे असेल तर त्या दिवसांतील गोळीसंबंधी संबंधित चिकित्सकाचा सल्ला घेतो. सर्पगंधायुक्त कल्पांनीही रक्तदाब उतरतो, म्हणून ते अल्फा-अवरोधकाच्या जोडीने देण्याचे आम्ही टाळतो.

औषधविक्रेत्यांसाठी

ही औषधे नोंदणीकृत चिकित्सकाच्या चिठ्ठीवरच द्यावीत. चिठ्ठीत साधी गोळी आहे की दीर्घकाळ विरघळणारी, हे नीट पाहून द्यावे. "तेच औषध आहे" म्हणून एकाऐवजी दुसरी देऊ नये. दीर्घकाळ विरघळणारी गोळी कुटून वा चावून आणि टॅमसुलोसिनची कॅप्सूल उघडून घेऊ नये, हे गिऱ्हाइकाला तोंडी सांगावे. ड्युटास्टेराइडची जोड असलेली कॅप्सूल गर्भवती स्त्रीने हाताळू नये. सासऱ्यांच्या गोळ्या सून काढून देते अशा घरांत ही सूचना विशेष महत्त्वाची.

सर्दीची गोळी मागणाऱ्या वृद्धाला लघवीची गोळी चालू आहे का हे विचारावे. सर्दीच्या अनेक गोळ्यांतील फिनिलेफ्रिन व क्लोरफेनिरामिन यांमुळे लघवी तुंबू शकते. सिल्डेनाफिल वा टाडालाफिल आणि अल्फा-अवरोधक यांच्या संयोगाने रक्तदाब धोकादायक प्रमाणात घसरू शकतो. वनौषधींच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या कामोत्तेजक कल्पांत सिल्डेनाफिलची छुपी भेसळ देशोदेशीच्या तपासण्यांत वारंवार आढळलेली आहे. म्हणून ज्याचा उत्पादक व परवाना यांची खात्री नाही, असा वाजीकरण कल्प दुकानात ठेवू नये. यात रुग्णाच्या जिवाबरोबरच आपल्या शास्त्राची पतही गुंतलेली आहे. किटोकोनॅझोल, इट्राकोनॅझोल अशा बुरशीनाशक गोळ्यांनी या औषधांची रक्तातील पातळी वाढते. अल्फुझोसिन व सिलोडोसिनसोबत तर त्या वर्ज्यच आहेत.

मोतीबिंदूचे शस्त्रकर्म

बुबुळातील रंगीत पडद्याच्या स्नायूंतही अल्फा-१ ग्राहीस्थाने असतात. टॅमसुलोसिन घेणाऱ्या रुग्णांत मोतीबिंदूच्या शस्त्रकर्मात हा पडदा लुळा पडतो व बाहुली आकसते, असे डेव्हिड चँग व जॉन कॅम्पबेल यांनी २००५ साली दाखविले. गोळी काही दिवस आधी थांबविल्याने हा धोका टळतोच असे नाही. परंतु शल्यचिकित्सकाला आधी ठाऊक असेल तर तो त्यानुसार सिद्धता करतो. पौरुषग्रंथी व मोतीबिंदू हे दोन्ही विकार एकाच वयात येत असल्याने, "डोळ्याच्या डॉक्टरांना ही गोळी दाखवा" हे वाक्य प्रत्येक रुग्णाला सांगावे.

समारोप

चरकसंहितेने चिकित्सेच्या चतुष्पादांत भिषक्, द्रव्य व रोगी यांच्या जोडीला उपस्थात्याला, म्हणजे परिचारकाला, स्थान दिले आणि त्याच्या गुणांत उपचाराचे ज्ञान व दक्षता यांचा समावेश केला. अल्फा-अवरोधकांच्या बाबतीत या विचाराचे मोल पदोपदी प्रत्ययास येते. मुलाला खांद्यावर न घेणारी आई, रात्री दिवा लावून ठेवणारी सून, पेटीपासून स्नानगृहापर्यंत हात धरणारा मदतनीस हे सारे त्या गोळीच्या चिकित्सेचेच भाग आहेत. त्यांना हे सांगण्याचे काम वैद्याचे व औषधविक्रेत्याचे आहे.

आमच्या रुग्णपत्रिकेत आता "रक्तदाबाची गोळी चालू आहे का?" या प्रश्नाखाली "लघवीसाठी कोणती गोळी चालू आहे का? केव्हापासून?" हा स्वतंत्र प्रश्न छापलेला आहे. रुग्णाने सर्व गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून सोबत आणावीत, असेही आम्ही पहिल्याच भेटीत सांगतो. आपणही हा प्रश्न आपापल्या पत्रिकेत घालावा, अशी आमची सर्व वैद्यबंधू-भगिनींना नम्र विनंती आहे.